पहाटेच्या मैदानावर हक्क कोणाचा?

गेल्या हिवाळ्यात मुलीकडे मुंबईस दोन महिने राहण्याचा योग आला. पहाटे पाचला उठण्याची शिक्षकी सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. त्यामुळे घरची मंडळी झोपेत असताना जवळच्या सार्वजनिक उद्यानात जाऊन बसणे हा माझा नित्यक्रम झाला. त्या उद्यानाच्या एका कोपऱ्यात पंधरा-वीस माणसे रोज एक विलक्षण प्रकार करीत असत. गुडघे किंचित वाकवून ती उभी राहत. मग एक हात, जणू पाण्यातून सरकतो आहे अशा संथपणे, पुढे जाई. दुसरा मागे येई. अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर इतका सावकाश जाई की, तो केव्हा गेला हे बघणाऱ्याला कळू नये. शिटी नाही, आज्ञा नाही, ध्वनिक्षेपक नाही. पहिल्या दिवशी मला हसू आले, हे कबूल केलेच पाहिजे. तिसऱ्या दिवशी मात्र लक्ष एका वृद्ध बाईंकडे गेले. त्या काठी टेकीत येत, ती झाडाला लावून ठेवीत आणि पुढची वीस-पंचवीस मिनिटे काठीवाचून वावरत. चौथ्या दिवशी त्यांच्यापैकी एका निवृत्त बँक कर्मचाऱ्याने मला बोलावले आणि शेवटच्या रांगेत उभे केले. या प्रकाराला ताई-ची म्हणतात, हे मला तेव्हा समजले.

वाशिमला परतल्यावर शेजाऱ्यांपाशी हे नाव उच्चारले, तेव्हा त्यांनी अत्यंत गंभीरपणे विचारले, "गुरुजी, कोणत्या ताईची?" विनोद सोडून दिला तरी त्यांचा पुढचा प्रश्न विचार करण्यासारखा होता. ते म्हणाले, "शिकून आलात हे बरे झाले, पण करणार कोठे?"

आमच्याकडील वाचकांना या प्रश्नाचा अर्थ सांगावयास नको. वाशिमसारख्या गावात पहाटे फिरावयास निघालेला कारकून, मास्तर वा दुकानदार महामार्गाची वाट धरतो. अकोल्याकडे, हिंगोलीकडे, पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यांवर अंधारातच दोघा-चौघांचे घोळके दिसू लागतात. डॉक्टरांनी मधुमेहासाठी 'रोज चाला' म्हणून सांगितलेले असते आणि चालण्याजोगी सपाट जागा म्हणजे रस्त्याची कडाच तेवढी उरलेली असते. एका अंगाने मालमोटारी जातात, दुसऱ्या अंगाला नाली असते. फिरावयास गेलेल्याला वाहनाने उडविल्याची बातमी विदर्भातील वृत्तपत्रांतून अधूनमधून वाचावयास मिळते. ती वाचून दोन दिवस घोळके विरळ होतात आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा निघतात. स्त्रिया तर उजाडल्याशिवाय निघू शकत नाहीत, आणि उजाडल्यावर त्यांना घरातून निघता येत नाही. उन्हाळ्यात हा प्रश्न अधिकच बिकट होतो. वऱ्हाडात एप्रिल-मे महिन्यांत सकाळी आठनंतर उघड्यावर व्यायाम करणे शक्य नसते. म्हणजे जो काही वेळ आहे तो पाच ते सात हाच. आणि नेमक्या त्याच वेळी गावातील बहुतेक सार्वजनिक जागांची फाटके बंद असतात.

ताई-चीचा विचार मला या संदर्भात करावासा वाटतो. त्या प्रकाराची नवलाई सांगणे हा हेतू नाही. ज्या व्यायामाला उपकरण लागत नाही, विशेष पोशाख लागत नाही, वयाची अट नाही, त्याला एकच गोष्ट लागते, ती म्हणजे सर्वांना मोकळी असलेली सपाट जमीन. म्हणून ज्या शहरात ताई-ची रुजते, त्या शहराने आपल्या नागरिकांसाठी जमिनीचा तुकडा राखून ठेवला आहे, असे समजण्यास हरकत नाही.

मुळात ही युद्धकला आहे. तिचे पूर्ण नाव ताईजीच्वान, आणि त्यातील 'च्वान' म्हणजे मूठ. चीनमधील हनान प्रांतातील चेन नावाच्या घराण्याच्या खेड्यात सतराव्या शतकाच्या सुमारास तिचा उगम झाला, असे सामान्यतः मानतात. एकोणिसाव्या शतकात यांग लूचान या शिष्याने ती पेकिंगला नेली. तोपर्यंत ती घराण्याची विद्या होती. आपल्याकडील एखाद्या गायकीसारखी, मुलाला द्यावयाची, जावयाला द्यावी की नाही याचा विचार करावयाचा. ती सर्वसामान्यांच्या हाती आली ती बरीच नंतर. १९५६ साली चीनच्या क्रीडा खात्याने यांग परंपरेतील लांबलचक क्रमातून २४ हालचालींचा एक सोपा क्रम तयार करविला. तो पाच-सहा मिनिटांत पुरा होतो. आज जगभर उद्यानांतून जे पाहावयास मिळते ते बहुतांशी हेच चोवीस. २०२० साली युनेस्कोने ताईजीच्वानची नोंद मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली. योगाची नोंद तेथे २०१६ सालीच झाली होती.

चीनमधील उद्यानांत ही गर्दी कशी जमली, याची कारणे मोठी रोचक आहेत. पेकिंगचे स्वर्गमंदिर हे सम्राटाने पूजा करावयाचे स्थान. तेथे सामान्य माणसाला पाऊल ठेवता येत नसे. राजेशाही गेली आणि १९१८ साली ते उद्यान म्हणून लोकांना खुले झाले. शांघायमध्ये नदीकाठी परदेशी व्यापाऱ्यांनी बांधलेली बाग होती. तिच्यात खुद्द चिनी लोकांना मुक्त प्रवेश मिळावयास १९२८ साल उजाडले. ज्या समाजाला आपल्याच गावातील बाग बाहेरून पाहावी लागली, त्याला त्या बागेत उभे राहण्याचे मोल वेगळेच वाटत असणार. त्यात शहरातील घरे लहान. आणि तेथे निवृत्तीचे वय फार लवकरचे होते: पुरुषांना साठ, तर स्त्रियांना कामाच्या स्वरूपाप्रमाणे पन्नास वा पंचावन्न. (जानेवारी २०२५ पासून ते क्रमाक्रमाने वाढविण्यास तेथील सरकारने प्रारंभ केला आहे.) पन्नाशीत निवृत्त झालेली, अंगात ताकद असलेली, घरी जागा नसलेली बाई बागेत जाणार नाही तर काय करणार?

अर्थात तेथील चित्र सर्वस्वी रमणीय आहे, असे मुळीच नाही. ताई-ची शांत असली तरी तिच्या शेजारी सामुदायिक नृत्याचे थवे मोठमोठे ध्वनिवर्धक घेऊन उभे राहू लागले आणि आजूबाजूच्या घरांतील लोकांशी त्यांची भांडणे जुंपली. २०१५ साली सरकारने या नृत्यांचे बारा नमुनेदार प्रकार जाहीर केले. लोकांनी कसे नाचावे, हे सरकारने ठरविण्याचा हा प्रकार आपल्याला हास्यास्पद वाटेल, पण हसण्यापूर्वी थोडे थांबावे. पहाटे बागेत आपणहून जमणाऱ्या माणसांचे सत्तेला नेहमीच थोडे भय वाटते. उद्यानांतील श्वसनाच्या आणि हालचालींच्या वर्गांतून फोफावलेल्या फालुन गाँग या पंथावर १९९९ साली त्याच सरकारने बंदी घातली, हे विसरता येत नाही. सरकारला माणसे रांगेत उभी राहिलेली आवडतात. ती आपली रांग आपणच लावतात, तेव्हा पंचाईत होते.

या व्यायामाने होते काय? या बाबतीत अवाजवी दावे करणाऱ्यांची वाण नाही. ताई-चीने सर्व रोग हटतात, असे सांगणारा माणूस भेटला तर त्याच्यापासून चार हात दूर राहावे. परंतु एका बाबतीत पुरावा भक्कम आहे, आणि ती बाब म्हणजे पडणे. म्हातारपणी पडणे ही किरकोळ गोष्ट नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसे पडून मृत्युमुखी पडतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत वाहनांच्या अपघातांखालोखाल याचा क्रमांक लागतो. अमेरिकेत अटलांटा येथे सत्तरी ओलांडलेल्या दोनशे जणांवर केलेला एक प्रयोग १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यात पंधरा आठवडे ताई-ची शिकलेल्यांमध्ये वारंवार पडण्याचा धोका सुमारे निम्म्याने घटलेला आढळला. कंपवाताच्या १९५ रुग्णांवरील दुसरा प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. तेथेही आठवड्यातून दोनदा, चोवीस आठवडे, ताई-ची करणाऱ्यांचा तोल इतरांपेक्षा चांगला सुधारला. कारण समजण्यास अवघड नाही. मनुष्य पडतो तो बहुधा एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकताना: उंबरा ओलांडताना, न्हाणीघरात वळताना, बसची पायरी उतरताना. ताई-चीमध्ये दुसरे काही नाहीच. भार एका पायावरून दुसऱ्यावर नेणे हेच पुनःपुन्हा, अतिशय सावकाश करावयाचे असते. खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळलेली आजी ज्या घरात आहे, त्या घराला या वाक्याचा अर्थ अधिक समजावून सांगावा लागणार नाही. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेच्या वेळीच साठीपुढील माणसांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होते. मुले पुण्या-मुंबईकडे गेली आणि आईवडील गावात राहिले, ही तर आमच्या जिल्ह्यातील गल्लोगल्लीची कहाणी.

आता आक्षेप येईल आणि तो यावाही: आपल्याकडे योगासने असताना, सूर्यनमस्कार असताना, चीनकडे हात पसरण्याचे कारण काय? हा आक्षेप मी टाळू इच्छित नाही, कारण व्यायामाच्या बाबतीत विदर्भाला कोणापुढे मान खाली घालावी लागेल, अशी स्थिती नाही. आपल्याच विभागातील अमरावतीस अंबादासपंत व अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान आखाडा काढला. त्यातूनच श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. याच मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली आणि आपली कबड्डी परक्यांनी डोळे विस्फारून पाहिली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांना संस्थानातील शाळांत स्थान दिले आणि त्यांचा प्रसार इंग्लंडपर्यंत पोहोचविला. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून आसनांना प्रयोगशाळेच्या कसोटीवर घासले. हा वारसा थोर आहे, याविषयी दुमत नाही.

पण या वारशात एक उणीव राहिली, ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आमचा आखाडा हा तरुण पुरुषाचा होता. लाल माती, लंगोट, जोर, बैठका, मल्लखांब यांपैकी काही करावयाचे तर वय वीस पाहिजे आणि जन्म पुरुषाचा. मल्लखांबावर मुली पुढे चढल्या आणि त्यांनी नाव मिळविले, ही अभिमानाची गोष्ट. परंतु चाळिशीतल्या गृहिणीला, पंचावन्न वर्षांच्या लेखनिकाला किंवा सत्तरीतल्या आजोबांना त्या मातीत कधीच जागा नव्हती. गुडघे दुखणाऱ्या माणसाने सूर्यनमस्कार घालू नयेत, असे डॉक्टरच सांगतात. आणि जमिनीवर बसून करावयाची आसने ज्याला खाली बसता येते त्याच्यासाठी. आमच्या पिढीला बसता आले तरी उठता येत नाही, हे येथे नम्रपणे नमूद करतो. २१ जूनला सतरंज्या अंथरून जो योगदिन साजरा होतो, त्याला २०१५ पासून दरवर्षी हजेरी लावणारा मी मनुष्य आहे; परंतु २२ जूनला त्याच जागी किती माणसे असतात, हे कोणी पाहत नाही. उभ्याने, सावकाश, घोळक्याने आणि रोज करता येईल असा व्यायाम ही आपली गरज आहे. तो चीनमधून येवो की अमरावतीहून. सायकल परदेशातून आली म्हणून आपण पायी चालत राहिलो नाही.

शिवाय ही देवघेव एकतर्फी नाही. मुंबईच्या अंधेरीत, लोखंडवाला वसाहतीतील एका बागेत १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी चार-पाच माणसे जमवून हास्यक्लब सुरू केला. प्रारंभी विनोद सांगून हसत. विनोद संपले, तेव्हा विनोदावाचून हसू लागले. आज जगातील अनेक देशांच्या बागांतून ते हसणे चालते. पुण्यातील बागांत तर हास्यसंघ हा निवृत्तांच्या दिनक्रमाचा भाग झाला आहे. हे सारे महाराष्ट्रातील एका साध्या सार्वजनिक बागेतून निघाले. त्या सकाळी बागेचे फाटक बंद असते तर?

या फाटकाची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची जोडली, तिच्यात नागरी संस्थांच्या कामांमध्ये उद्याने, बागा व क्रीडांगणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. कागदावर तरतुदी कमी नाहीत. पण बागेसाठी आरक्षण टाकलेली जमीन दहा वर्षांत संपादन झाली नाही, तर मूळ मालकाला १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम १२७ अन्वये सूचना देता येते. आणि त्या सूचनेनंतरच्या मुदतीतही काही हालचाल झाली नाही, तर आरक्षण आपोआप संपते. मालकावर अन्याय होऊ नये, म्हणून हे कलम योग्यच आहे. मात्र लहान नगरपालिकेजवळ भूसंपादनाला पैसा नसतो, मुदत टळते आणि नकाशावर हिरव्या रंगाने दाखविलेला चौकोन हळूच पांढरा होतो. त्या दिवशी कोणी मोर्चा काढीत नाही, कारण जी बाग कधी झालीच नाही, तिच्या जाण्याचे दुःख कोणाला होणार?

बाग झाल्यावर ती गमावण्याचे मार्ग निराळेच. मुंबईत मोकळ्या जागा खाजगी संस्थांना सांभाळावयास देण्याचे धोरण महापालिकेने मंजूर केले आणि त्यावरून इतका गदारोळ झाला की, २०१६ साली खुद्द मुख्यमंत्र्यांना त्याला स्थगिती द्यावी लागली. मुंबईकरांजवळ आवाज आहे, वृत्तपत्रे आहेत, वकील आहेत. बंगलोरमध्ये बागेसाठी राखलेली जागा एका वैद्यकीय न्यासाला रुग्णालयासाठी दिली गेली, तेव्हा वस्तीतील रहिवासी न्यायालयात गेले आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. रुग्णालय हे चांगले काम आहे, तरीही बाग ही बागच राहिली पाहिजे, असा त्या निर्णयाचा आशय. हा निकाल आपल्याकडील प्रत्येक नगरसेवकाने वाचावा.

कारण आपल्याकडे गोष्ट याहून साधी आणि याहून वाईट आहे. वाशिम हे १९०५ पर्यंत जिल्ह्याचे ठिकाण होते. मग तो जिल्हा अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा निघाला. त्याबरोबर कचेऱ्या आल्या, कर्मचारी आले आणि गावाच्या चहूबाजूंच्या सोयाबीन-तुरीच्या शेतांतून ले-आऊट पडू लागले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ७८ हजारांवर गेलेली दिसते. पुढील जनगणनेत ती किती असेल याचा अंदाज नव्या वस्त्यांकडे पाहून ज्याने त्याने करावा. जिल्ह्यातील कारंजा, रिसोड, मंगरुळपीर यांचीही तीच तऱ्हा. आता मोठा ले-आऊट म्हटला की, त्यात मोकळी जागा सोडणे बंधनकारक असते. २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे चार हजार चौरस मीटर वा अधिक क्षेत्राला दहा टक्के मोकळी जागा ठेवावी लागते. विदर्भात या जागेला सर्वजण 'ओपन स्पेस' असेच म्हणतात. भूखंड विकत घेताना तो नकाशावर बोट ठेवून दाखवितात, "इथं बगीचा येणार आहे." तुम्हीआम्ही त्या बगीच्याचे पैसे भूखंडाच्या किमतीत मोजलेले असतात.

पंधरा वर्षांनी त्या जागेवर जाऊन पाहावे. कोठे कोणाच्या बांधकामाची रेती आणि गिट्टी पडलेली असते. कोठे कोपऱ्यावरच्या घराचे कुंपण दरवर्षी हातभर पुढे सरकलेले असते. कोठे देवालय उभे राहते. देवालयाला माझा विरोध नाही. वाशिमसारख्या बालाजीच्या गावात तो कोणी करूही नये. परंतु देवालयाभोवती सभामंडप येतो, मंडपाला जाळी येते, जाळीला कुलूप लागते, आणि मग देवालाही ती मोकळी जागा मोकळी म्हणून भोगता येत नाही. जेथे नगरपालिकेने लक्ष घातले, तेथे सिमेंटचे ठोकळे बसवितात, मधोमध कारंजे बांधतात जे उद्घाटनाच्या दिवशी उडते, आणि हिरव्या-पिवळ्या रंगाची लोखंडी व्यायामयंत्रे उभी करतात. या यंत्रांचा मला राग नाही, कीव येते. एकावेळी एका यंत्रावर एकच माणूस. तोही बहुधा बारा वर्षांचा मुलगा, झोका म्हणून खेळणारा. दोन पावसाळ्यांत बेअरिंग गंजते आणि दुरुस्तीची तरतूद अंदाजपत्रकात नसते. यंत्र बसविले की फलक लावता येतो, फलकावर नाव येते. नुसत्या सपाट, स्वच्छ, दिवा असलेल्या जमिनीवर कोणाचे नाव लिहावयाचे?

वस्तुतः तेवढेच पाहिजे. ठोकळे नकोत, कारण त्यांवरून घसरतात; दाबून सपाट केलेला मुरूम पुरे. पहाटे पाचला लागणारा एक दिवा. स्त्रियांना निर्भयपणे येता यावे म्हणून भोवतीची झुडपे छाटलेली. गावातील अशा सर्व मोकळ्या जागांची यादी, क्षेत्रफळासह, नगरपालिकेच्या फलकावर लागावी. एवढ्याने निम्मी अतिक्रमणे लाजेने मागे सरतील. जेथे ओपन स्पेस उरलीच नसेल तेथे शाळांकडे पाहावे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण आवश्यक ठरविले आहे. जिल्हा परिषदेची आणि खाजगी संस्थांची ही मैदाने पहाटे पाच ते सात रिकामी असतात. मुख्याध्यापकांची अडचण मी जाणतो, कारण मीही शाळेतच आयुष्य काढले: घाण होईल, झाडे तुटतील, काही चोरीस गेले तर जबाबदार कोण? याला उत्तर आहे. पालकांपैकीच दहा जणांची मंडळी ठरवावी, चावी त्यांच्यापाशी द्यावी, मैदान झाडून परत करण्याची अट घालावी. वर्गखोल्यांना कुलूप राहीलच. शिपायाची वेळ सातला सुरू होते म्हणून गावाने सातपर्यंत महामार्गावर चालावे, ही व्यवस्था फार महागात पडते.

आमच्या वस्तीतील ओपन स्पेसमध्ये एका गृहस्थांच्या गिट्टीचा ढीग तीन वर्षे होता. आम्ही पाच जण त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा दिला, ढीग दिवाळीनंतर हलवितो म्हणाले. उरलेल्या अर्ध्या जागेतील काटे आम्ही काढले आणि तेथे आता रोज सकाळी उभे राहतो. मला चोवीसांपैकी पहिल्या आठच हालचाली नीट येतात. तेवढ्याच करतो, पुन्हा करतो आणि शेवटी थोडा प्राणायाम. 'कोणत्या ताईची' म्हणून विचारणारे शेजारी दुसऱ्या आठवड्यापासून येऊ लागले. त्यांच्या सौभाग्यवती बरेच दिवस फाटकात उभ्या राहून पाहत होत्या. मागच्या सोमवारी त्या पदर खोचून मागच्या रांगेत येऊन उभ्या राहिल्या, आणि मंगळवारी समोरच्या घरातील दोघींना घेऊन आल्या. आता आठ जण झालो आहोत. जागा अपुरी पडते. दिवाळी होऊन गेली, गिट्टी अद्याप तेथेच आहे.